जुनी गाडी आणि नवें इंजिन

नवीन यंत्र कोणीं शोधून काढलें, याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. वाफेच्या यंत्राबरोबर वॅटचें आणि डिझेल इंजिनाबरोबर रुडॉल्फ डिझेलचें नांव शाळकरी मुलांसहि ठाऊक असतें. परंतु एकदां निर्माण झालेल्या यंत्रांत पुढें कोणीं काय पालट केले, कोणाच्या सांगाड्यांत कोणाचें काळीज बसविलें, आणि त्या बसविण्यानें काय साधलें व काय बिघडलें, याची बखर सहसा कोणी लिहीत नाहीं. वास्तविक आपल्या देशांत वस्तु टाकून देण्यापेक्षां ती दुरुस्त करून पुन्हां उभी करण्याकडे लोकांचा कल अधिक. तेव्हां हा दुसरा इतिहासच आपल्या जीवनाला अधिक जवळचा ठरावा. त्या इतिहासांतील एक प्रकरण प्रस्तुत लेखांत वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे. तें प्रकरण म्हणजे जुन्या मालवाहू मोटारींत तिच्या मूळच्या इंजिनाहून मोठें इंजिन बसविण्याचें. वाङ्मयाच्या मासिकांत हा विषय कांहीं वाचकांस विजोड वाटेल. परंतु ज्या गाडीनें आपली भाजी येते आणि ज्या गाडीच्या पुढून आपलीं मुलें रस्ता ओलांडतात, तिच्या पोटांत काय आहे हा प्रश्न सुशिक्षितांनीं केवळ मिस्त्रीवर सोंपवून चालणार नाहीं.

आम्ही राहतों तें जेसल पार्क भाईंदर पूर्वेस, वसईच्या खाडीकांठीं वसलेलें आहे. येथें दिवसभर लहान मालवाहू गाड्यांची, म्हणजे ज्यांस लोक पिकअप किंवा नुसतें टेंपो म्हणतात त्यांची, ये-जा चालू असते. बर्फाच्या लाद्या, विटा, मांडवाचे बांबू, बिऱ्हाड बदलणाऱ्या कुटुंबाचीं कपाटें, सर्व कांहीं त्यांच्यावरून जातें. ह्यांतील एखादी गाडी जुनी झाली आणि घोडबंदरच्या चढावर भरल्या ओझ्यानें दम टाकूं लागली, कीं तिच्या मालकापुढें हिशेबाचा प्रश्न उभा राहतो. नवी गाडी घ्यावयाची तर कांहीं लाखांचें कर्ज. तेंच कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांतून एखाद्या मोडीत निघालेल्या मोठ्या गाडीचें इंजिन आणलें, तर त्याच्या अल्पांशांत काम भागतें. सांगाडा आपलाच, परवाना आपलाच, फक्त बॉनेटखालचा जोर दुसऱ्याचा. ह्या विचारांत लोभ आहे असें आम्हांस वाटत नाहीं. ती सामान्य संसारी माणसाची काटकसर आहे. आपण जुन्या कोटाला नवें अस्तर लावतों, त्याच जातीची. प्रश्न एवढाच कीं, कोट आणि गाडी ह्यांस एकच न्याय लागतो काय?

ह्याचें उत्तर शोधण्यासाठीं १९४० सालापर्यंत मागें जावें लागतें. त्या वर्षीं अमेरिकन सैन्यास टेहळणीसाठीं एक लहान, चारहि चाकें ओढणारी गाडी हवी होती. गाडीचें वजन फार असूं नये, असा सैन्याचा कटाक्ष होता. प्रारंभीं घातलेली मर्यादा अशक्यप्राय ठरल्यानें पुढें ती २,१६० पौंडांपर्यंत वाढविण्यांत आली. बँटम, विलिस-ओव्हरलँड आणि फोर्ड अशा तीन कंपन्या स्पर्धेंत उतरल्या. बँटमच्या गाडीचें इंजिन सुमारें ४५ अश्वशक्तीचें होतें. विलिसचा मुख्य अभियंता डेल्मार रूस ह्याच्यापाशीं मात्र एक निराळें धन होतें. कंपनीच्या स्वस्त प्रवासी मोटारीचें जुनें चार सिलिंडरांचें इंजिन त्यानें दोन वर्षें घोटून ४८ वरून ६० अश्वशक्तीवर नेलें होतें. तें गाडींत बसवितांच गाडी सर्वांत जोरकस झाली खरी, परंतु वजनाची मर्यादा तिनें केव्हांच ओलांडली.

रूसपुढें दोन मार्ग होते. इंजिन लहान करावें, किंवा इंजिन तसेंच ठेवून बाकीची गाडी हलकी करावी. त्यानें दुसरा मार्ग पत्करला. सबंध गाडी सुटी करून तिचा भाग न् भाग तोलण्यांत आला. जेथें बोल्ट लांब होता तेथें तो तोडला, जेथें पत्रा जाड होता तेथें अधिक चिवट पण पातळ पोलाद घातलें, आणि शेवटीं अंगावरच्या रंगाचा थरहि कमी केला, अशी हकीकत सांगतात. हीच पुढें जगप्रसिद्ध झालेली जीप. विलिस आणि फोर्ड ह्या दोघांनीं मिळून महायुद्धांत तशा सहा लाखांहून अधिक गाड्या बांधल्या. ह्या यशाचें श्रेय लोक इंजिनास देतात. आमच्या मतें तें इंजिनाइतकेंच त्या तराजूस दिलें पाहिजे. मोठें इंजिन घेतलें तर त्याची किंमत गाडीच्या इतर अवयवांकडून वसूल होते, ही गोष्ट रूसनें आधीं ओळखली आणि ती किंमत स्वतः मोजून दिली. न मोजतां ती दिली जात नाहीं असें नाहीं. फक्त ती पुढें, रस्त्यावर, व्याजासह द्यावी लागते.

दुसरा दाखला ह्याच जीपचा आणि अधिक घरचा आहे. महिंद्र बंधु आणि गुलाम महंमद ह्यांनीं १९४५ सालीं जी कंपनी काढली, ती फाळणीनंतर गुलाम महंमद पाकिस्तानांत गेल्यामुळें १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र ह्या नांवानें चालूं लागली. हेच गुलाम महंमद पुढें पाकिस्तानचे गव्हर्नर-जनरल झाले. विलिसच्या जीपा जोडण्याचें आणि पुढें बांधण्याचें काम ह्या कंपनीनें मुंबईंत आरंभिलें. आमच्या भाईंदरहून लोकलनें कांहीं स्थानकें दक्षिणेस असलेल्या कांदिवलीचें नांव त्यामुळें देशभर झालें. १९५३ सालीं विलिसनें जुन्याच जीपमध्यें एक सुधारलेलें इंजिन घातलें. त्याचा मूळ ठोकळा तोच. परंतु हवा आंत घेणाऱ्या झडपा बाजूच्या काढून सिलिंडरांच्या माथ्यावर नेल्यामुळें शक्ति ६० वरून सत्तरीच्या वर गेली. झालें असें कीं, झडपा माथ्यावर गेल्यानें इंजिन उंच झालें आणि जुन्या बॉनेटखालीं मावेना. तेव्हां कंपनीनें बॉनेटच वर उचललें. जीपचा तो चापट, सडपातळ चेहरा जाऊन तेथें एक उंच कपाळ आलें. रसिकांनीं त्यास नांवें ठेवलीं. पण हीच उंच बॉनेटची जीप महिंद्रनें पुढें अनेक दशकें बांधली. मामलेदाराची, फौजदाराची आणि पाटबंधारे-खात्याच्या इंजिनिअरची गाडी म्हणून महाराष्ट्रांतील दोन पिढ्यांनीं तीच पाहिली. आपण ज्यास जीपचें मूळ रूप समजत होतों, तें वस्तुतः जुन्या अंगांत न मावलेल्या इंजिनाचें रूप होतें.

आतां ट्रकांकडे वळूं. जनरल मोटर्स कंपनीनें शिवडी येथें १९२८ सालीं गाड्या जोडण्याचा कारखाना घातला होता. फोर्डचाहि व्यवसाय मुंबईंत होता. स्वातंत्र्यानंतर, जो देशांत सुटे भाग बनवील त्यानेंच येथें राहावें, असें सरकारी धोरण ठरूं लागलें आणि १९५३ सालच्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. १९५४ च्या सुमारास ह्या दोन्ही कंपन्यांनीं येथील गाशा गुंडाळला. रस्त्यावरच्या शेव्हरोले आणि फोर्ड ट्रकांना मात्र गाशा गुंडाळतां येत नव्हता. त्यांचा सांगाडा धडधाकट, परंतु पेट्रोल पिणारें इंजिन झिजलेलें, आणि त्याचे भाग परदेशांतून आणणें दुरापास्त. ज्याचा जन्मदाता निघून गेला अशा ह्या वाहनांना दत्तक घरच शोधणें भाग होतें.

तें घर इंग्लंडांतील पीटरबरो गांवच्या फ्रँक पर्किन्स ह्यानें आधींच बांधून ठेवलें होतें. १९३२ सालीं काढलेल्या त्याच्या कंपनीनें १९३७ सालीं ‘पी-सिक्स’ नांवाचें सहा सिलिंडरांचें, सुमारें पावणेपांच लिटर मापाचें, ८० हून अधिक अश्वशक्तीचें डिझेल इंजिन बाजारांत आणलें. पर्किन्सचा धंदा पूर्ण गाड्या विकण्याचा नव्हता. दुसऱ्यानें बांधलेल्या पेट्रोल ट्रकांत डिझेल इंजिन बसवितां यावें म्हणून लागणाऱ्या बैठका, नळ्या आणि जोडण्या ह्यांसह इंजिन पुरविणें, हा त्याच्या व्यापाराचा एक मोठा भाग होता. मद्रासच्या सिंपसन कंपनीनें हीं इंजिनें आपल्या देशांत बनवावयास घेतलीं. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत क्रायस्लर कंपनीचे डॉज आणि फार्गो ट्रक बांधले जात. त्यांतहि हेंच पर्किन्स बसूं लागलें. म्हणजे सांगाडा अमेरिकन, काळीज इंग्रज, बनावट मद्रासची आणि जोडणी कुर्ल्याची. आमच्या देशांतील मोटार-धंद्याचें बालपण हें असें परक्या अवयवांच्या जुळणींत गेलें आहे. हें स्मरलें म्हणजे रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्यास हंसण्याचा अधिकार फारसा कोणास उरत नाहीं.

ह्या पालटांत एक अडचण होती, तीहि सांगितली पाहिजे. पेट्रोल इंजिन वेगानें फिरून आपली शक्ति देतें. त्या काळचें डिझेल इंजिन सावकाश पण जोरानें फिरे. समजा, एखादें पेट्रोल इंजिन मिनिटास ३,६०० फेरे घेत होतें आणि त्याच्या जागीं बसविलेलें डिझेल २,४०० फेऱ्यांवर थांबतें. मागच्या आंसाचे दंतचक्र तेच ठेवलें तर गाडीचा कमाल वेग एकतृतीयांशानें घटला. म्हणून जाणता कारागीर इंजिनाबरोबर आंसांतील दांत्यांचें प्रमाणहि बदली. अडाणी तेवढें सोडून देई, आणि मग चालक वेग गांठण्यासाठीं इंजिनाला त्याच्या मर्यादेबाहेर पिळी. शिवाय डिझेल इंजिन वजनानें भारी. पुढचे पाटे मूळच्या हलक्या इंजिनासाठीं घडविलेले. ते दबले कीं गाडी नाक खालीं घालून चाले आणि सुकाणूं जड होई.

१९७३ सालीं तेलाचे भाव भडकले आणि पेट्रोलवर चालणारी जीप ग्रामीण महाराष्ट्रास परवडेनाशी झाली. तेव्हां महिंद्रनें आपल्याच घरच्या शेतकी ट्रॅक्टराच्या वंशांतलें डिझेल इंजिन जीपला दिलें, आणि १९७९ सालीं प्यूजो ह्या फ्रेंच कंपनीशीं करार करून त्यांचें डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यांत बनविण्याची व्यवस्था केली. युद्धांत टेहळणीसाठीं जन्मलेली हलकी गाडी अशा रीतीनें ओझें वाहणारी बैलगाडी झाली. सांगली, सातारा, कोल्हापूर ह्या भागांत ज्यास वडाप म्हणतात तो प्रकार ह्या डिझेल जीपांवाचून फोफावला नसता. नऊ-दहांच्या जागेंत पंधरा-वीस माणसें, मागें फळीवर लोंबकळणारीं चारदोन, टपावर भाजीच्या पाट्या. इंजिन ओढतें म्हणून माणसें चढतात, आणि माणसें चढतात म्हणून मालक आणखी मोठें इंजिन शोधतो. ह्या चक्रांत ब्रेकचा विचार सर्वांत शेवटीं येतो.

येथें ह्या प्रकरणाचें मर्म आहे, म्हणून थोडें थांबून तें स्पष्ट करतों. इंजिनांत उत्पन्न झालेला जोर एकदम रस्त्यावर उतरत नाहीं. तो क्लचमधून गिअरपेटींत, तेथून लांब दांड्यानें मागच्या आंसांत आणि आंसांतून चाकांत जातो. ही एक सांखळी आहे. तिचा प्रत्येक दुवा मूळच्या इंजिनाच्या जोराला पुरेल, आणि थोडा अधिकहि सोशील, अशा बेतानें कारखान्यांत घडविलेला असतो. तेथें दुप्पट जोर घातला तर दुवे तो जोर नाकारीत नाहींत. तो घेतात आणि सर्वांत कच्चा दुवा तुटतो. बहुधा चढावर, भरल्या गाडींत, पहिल्या गिअरमध्यें तुटतो, कारण तेथेंच सांखळीवर ताण अधिक असतो. परंतु तुटणारा दुवा हा त्यांतल्या त्यांत प्रामाणिक म्हटला पाहिजे. तो मालकास लागलीच कळतो. न कळणारा धोका ब्रेकचा. धांवत्या गाडीच्या अंगचा आवेग वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ६० किलोमीटरनें जाणारी गाडी ८० नें जाऊं लागली तर वेग तिसऱ्या हिश्श्यानें वाढला असें आपण म्हणतों. पण तिला थांबविण्यासाठीं ब्रेकला जें काम करावें लागतें तें जवळ जवळ पावणेदोनपट होतें, आणि थांबावयास लागणारें अंतरहि त्याच मानानें वाढतें. इंजिनाची चांचणी मालक पहिल्याच दिवशीं चढावर घेतो. ब्रेकची चांचणी कोणी तरी अनोळखी मनुष्य, आपण परीक्षक आहोंत हें ठाऊक नसतां, रस्ता ओलांडतांना घेतो.

ही सांखळी गाडीच्या चाकांशीं संपत नाहीं, हें आमच्या खाडीकडे पाहिलें म्हणजे ध्यानांत येतें. जेसल पार्कच्या चौपाटीवरून जी खाडी दिसते, तिच्यावर १८६४ सालीं सुरतेहून ग्रँट रोडपर्यंत आलेल्या लोहमार्गाचा पूल पडला, आणि पाणजू बेटास मध्यें धरून उभे असलेले आजचे रेल्वेपूल हे त्याचेच वंशज होत. एंजिनें जड होत गेलीं तसे पूलहि नवे बांधावे लागले. त्याच खाडीवर पूर्वेस, राष्ट्रीय महामार्गावर, वरसावें येथें मोटारींचा पूल आहे. २०१३ च्या अखेरीस तेथील जुन्या पुलाच्या तुळईंत तडा आढळून जड वाहनांस बंदी करावी लागली आणि घोडबंदरपासून वसईपर्यंतची वाहतूक विस्कळित झाली. शेजारीं नवा पूल खुला होण्यास २०२३ साल उजाडलें. एका पिकअपनें पूल खचत नाहीं हें खरें. परंतु प्रत्येक वाहन आपल्या मापाहून थोडें अधिक ओढूं लागलें म्हणजे तो अधिकपणा क्लचपासून तुळईपर्यंत सर्वांच्या खात्यावर पडतो, आणि ज्यानें इंजिन बदललें त्याच्या वहींत मात्र तो कोठेंच नोंदलेला नसतो.

आतां कायद्याचें काय? १९३९ सालच्या मोटार वाहन कायद्यानें गाडींत फेरफार करण्यास बंदी केलेली नव्हती. नोंदणीपत्रकांतील तपशील बदलेल असा पालट करावयाचा तर नोंदणी-अधिकाऱ्यास आधीं कळवून त्याची संमति घ्यावी, एवढेंच त्याचें म्हणणें होतें. १९८८ चा नवा कायदाहि प्रारंभीं त्याच वाटेनें गेला. २००० सालच्या दुरुस्तीनें मात्र भूमिका पालटली. कारखानदारानें मूळ ठरविलेल्या तपशीलाशीं विसंगत होईल असा कोणताहि फेरफार मालकानें करूं नये, असा दंडक आला. मुंबईच्या टॅक्सींप्रमाणें निराळ्या इंधनावर गाडी चालविण्यासाठीं मान्यताप्राप्त साहित्य बसविण्यास सूट राहिली, तसेंच त्याच बनावटीचें व त्याच जातीचें इंजिन बदलून घालण्यासहि वाट राहिली. निराळें, मोठें इंजिन मात्र हद्दीबाहेर गेलें. २०१९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयानेंहि मूळ तपशीलाशीं विसंगत फेरफार चालणार नाहींत असा निर्वाळा दिला, आणि त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें अशा प्रत्येक फेरफाराबद्दल मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली.

ह्या कायद्याचा हेतु योग्य आहे, ह्याविषयीं वर दिलेल्या हिशेबानंतर कोणास शंका राहूं नये. ब्रेक न बदलतां इंजिन बदलणारा मनुष्य दुसऱ्याचा जीव आपल्या काटकसरीच्या पेठेंत विकावयास मांडतो, असेंच म्हणावें लागेल. परंतु कायद्यानें जें गृहीत धरलें आहे तें इतिहासास धरून आहे काय, हेंहि पाहिलें पाहिजे. तो असें मानतो कीं, गाडीचें खरें रूप कारखान्यांतून निघतें आणि पुढें जें होतें तो बिघाड. रूसची जीप, उंच बॉनेटची जीप, पर्किन्सवर चालणारा डॉज आणि प्यूजोवर चालणारी महिंद्र, ह्या सर्व गाड्या म्हणजे कारखान्यानेंच केलेले इंजिन-पालट होत. त्यांत आणि गॅरेजांतील पालटांत भेद आहे तो हात कोणाचे ह्याचा नव्हे. पहिल्यांत प्रत्येक दुवा कोणीं तरी मोजला आणि चुकल्यास जबाब देण्यास कोणी तरी नांवानिशीं बांधला गेला. दुसऱ्यांत मोजणाराहि नाहीं आणि जबाबदारहि नाहीं. १९३९ च्या कायद्यांत मालकास अधिकाऱ्यापुढें गाडी नेण्याची वाट होती. ती बंद झाल्यानें इंजिन बदलणें थांबलें असें नव्हे, तें सांगणें तेवढें थांबलें. नोंदणीपत्रकांत जुना आंकडा तसाच राहतो आणि बॉनेटखालीं निराळाच असतो. अपघात झाल्यावर विमा-कंपनी हीच विसंगति बोट घालून दाखविते, आणि त्या वेळीं मालक आणि जखमी झालेला मनुष्य दोघेहि उघडे पडतात.

पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ पासून मोटार-संशोधनाची जी संस्था उभी आहे, तिच्यासारख्या ठिकाणीं वाहनाच्या बनावटीची कसोटी घेतली जाते. जुन्या गाड्यांत विजेवर चालणारी यंत्रणा बसवावयाची झाल्यास तिच्या तपासणीचे नियमहि सरकारनें २०१६ पासून केले आहेत. म्हणजे तपासून परवानगी देणें अशक्य नाहीं, हें सरकारानेंच मान्य केलें आहे. मग ज्या पिकअपवाल्यास विजेची यंत्रणा परवडत नाहीं आणि नवी गाडीहि परवडत नाहीं, त्याच्यासाठीं जिल्ह्याच्या परिवहन-कचेरींत एक खिडकी कां नसावी? त्यानें इंजिनाचें नांव व माप सांगावें, ब्रेक, पाटे, आंस त्यास पुरतात कीं नाहीं तें तेथील तपासनिसानें पाहावें, धूर मोजावा, पुरत नसल्यास स्वच्छ नकार द्यावा, आणि पुरत असल्यास नोंदणीपत्रकांत खरा आंकडा लिहावा. काम कोणीं केलें त्या मिस्त्रीचें नांवहि त्यांत असावें. ज्या कारागिरांच्या हातीं एवढें कसब आहे त्यांना लपून काम करावयास लावण्यापेक्षां सहीनिशीं करावयास लावणें समाजाच्या अधिक हिताचें आहे.

तोंवर मालकांस सांगण्यासारखें एवढेंच कीं, गाडी किती ओढते हें विचारण्याआधीं ती किती अंतरांत थांबते हें विचारावें, आणि त्या उत्तराचें समाधान झाल्याखेरीज बॉनेट उघडूं नये.